लाल टोपणाची सुई

हे मी मराठीत लिहिते आहे, त्याला कारण आहे. दोहामधल्या मांजरवाल्यांचे इंग्रजी ग्रुप पुष्कळ आहेत आणि मांजराच्या मधुमेहाबद्दल तिथे विचाराल ते मिळतं. पण आमच्या घरात जे झालं ते तिथे कोणाच्या घरात होणार नाही. ते आपल्याच घरांत होऊ शकतं, जिथे भारतातून येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवून वर्षभराची औषधं येतात. तुमच्याकडे मांजर नसेल पण घरात कोणाला शुगर असेल, तरी वाचा.

मला लिहायची सवय नाही. शाळा इथलीच, इंग्रजी माध्यमाची. मराठी लिहायला आईने सुट्ट्यांमध्ये शिकवलं. बोलायची सवय तर त्याहून नाही.

हवालदार

तो आमच्या अल मुंतझाच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये राहायचा. केशरी रंगाचा, रुंद तोंडाचा बोका. संध्याकाळी गाड्यांच्या रांगेतून असा फिरायचा, जणू प्रत्येक गाडी आपापल्या जागी आहे की नाही ते बघतोय. बाबा ऑफिसमधून आले की गाडीला कुलूप लावताना त्याला विचारायचे, "काय हवालदार, बंदोबस्त ठीक?" नाव तेच पडलं.

एका उन्हाळ्यात बाबांबरोबर तो लिफ्टमधून वर आला. आई दारात उभी राहून म्हणाली, "आणलंत ना, मग आंघोळ तुम्हीच घाला." आंघोळ कोणीच घातली नाही. तो माझ्या खोलीत आला, टेबलाखाली बसला आणि राहिला. मी घरी आले की फारसं न बोलता दार लावून घेते. त्यालाही तेच आवडायचं.

मग खोकला सुरू झाला. तो जमिनीला चिकटून बसायचा, मान पुढे ताणायचा आणि आतून काहीतरी ओढून काढत असल्यासारखा खोकायचा. आईला वाटलं, केसांचा गोळा अडकलाय. डॉक्टर म्हणाल्या, दमा. इथली धूळ त्याला सोसत नव्हती. वारा सुटला, की खिडक्यांच्या फटींतून ती येते, भांडी पुसली तरी परत हाताला लागते. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. तो नीट श्वास घेऊ लागला, खाऊ लागला, आणि आम्हाला वाटलं झालं, सुटलो.

बादली

पहिल्यांदा बाबांच्या लक्षात आलं. हवालदार बाथरूममधल्या बादलीच्या कडेवर पुढचे पाय ठेवून पाणी पीत होता. पीतच होता. बाबा दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला शुगर झालीय."

आई हसली. "तुम्हाला सगळीकडे शुगरच दिसते."

बाबा हसले नाहीत. "माझी सुरुवात अशीच झाली होती."

अल गराफामध्ये एका जुन्या व्हिलात जनावरांचा दवाखाना आहे, तिथे आम्ही तिघंही गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने जोरात पुकारलं, "मिस्टर हवालदार?" आणि दोन-तीन भारतीय चेहरे एकदम वळले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

डॉक्टर रीम जॉर्डनच्या. हळू आवाजात, हातांनी समजावून सांगतात. त्या दिवसाचं मला नीट आठवतं ते एवढंच, की टेबलावर पसरलेला कागद हवालदारच्या नखांखाली टरटर फाटत होता आणि त्या बोलत होत्या. ज्या औषधाने तो श्वास घेत होता, त्यानेच त्याची साखर वाढवली होती. औषध एकदम बंद केलं तर दमा उसळणार. चालू ठेवलं तर साखर. आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनीही जरा थकलेली दिसत होती, म्हणजे शुगरचं खाणं किडनीला जड आणि किडनीचं खाणं शुगरला चालेना.

"आय ॲम सॉरी," त्या म्हणाल्या. "ही इज कॉम्प्लिकेटेड."

 माझ्याकडे इतके प्रश्न होते की एकही वर येईना. बाबांनी विचारलं, "इन्सुलिन?" एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं.

कपाट

गोळ्यांच्या जागी स्टिरॉइडचाच पंप आला. लहान मुलांचा असतो तसा, पुढे छोटा मास्क लावून तोंडावर धरायचा. सकाळ-संध्याकाळ खाणं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई. कानाच्या कडेला बारीक टोचून शुगर बघायची. इन्सुलिन माणसांचंच, फार्मसीतून आणलेलं, बाबांच्या बाटलीशेजारी फ्रिजच्या दारात ठेवलेलं. सुया मात्र डॉक्टर रीमनी दिल्या. बारीक, केशरी टोपणाच्या. दोन युनिट. एवढंच.

एवढंच म्हणते, पण त्या दोन युनिटांची मला किती भीती वाटायची ते मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सुई आत गेली की ते परत काढता येत नाही. ऑफिसमध्ये बसल्या बसल्या मला वाटायचं, आता त्याची शुगर खाली चालली असेल. घरी आले की आधी दारातून त्याचं पोट हलतंय का ते बघायचं आणि मगच चपला काढायच्या. तो झोपला की मी श्वास ऐकत बसायची. त्यात जरा शिट्टीसारखा आवाज आला की पंप हाताशी ओढायची.

त्याचं सगळं सामान मी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं आणि सगळं एकटीच करू लागले. बाबा म्हणायचे, "दे इकडे. मी आयुष्यभर स्वतःला टोचतोय, एका बोक्याला टोचता येणार नाही?" मी "नको" म्हणायची. आई म्हणायची, "पोरीचं वय काय, आणि बसलीय बोक्याचे श्वास मोजत." पुण्याहून मावशीचा फोन आला की ती स्पीकरवरच विचारायची, "काय गं, तुमच्या त्या रस्त्यावरच्या पाहुण्याला अजून इन्सुलिन चालूच का? त्यापेक्षा हिच्या लग्नाचं बघा." आई हसून विषय बदलायची. मी खोलीत जायची.

आजारी प्राण्याचं करणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. घरातले लोक वाईट नसतात. ते फक्त रोज थोडे थोडे कंटाळतात आणि आपण रोज थोडे थोडे चिडके होतो.

शुक्रवार

आमच्या ऑफिसमधल्या शीबा चेची केरळच्या, सगळ्यांच्या मोठ्या बहिणीसारख्या; मला मोळे, म्हणजे मुली, म्हणतात. त्यांनी शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मदिनत अश शमालला, कतारच्या उत्तर टोकाला, जायचं ठरवलं. समुद्र, होड्या, तिकडेच नाश्ता. मी नेहमीसारखं काहीतरी कारण सांगणार होते, पण घरी आईने ऐकलं.

"जा गं. माणसांत जा जरा. बाबा देतील त्याला सुई."

"कळलंय मला सगळं," बाबा म्हणाले. "खाल्ल्यावर, मानेमागे, दोन युनिट. आता काय परीक्षा घेतेस?"

मी एक केशरी टोपणाची सिरिंज ताटलीत काढून ठेवली, बाकीचं पाकीट कपाटात परत ठेवलं आणि गेले.

शमालला वारा थंड होता. सगळे होड्यांबरोबर फोटो काढत होते. कितीतरी महिन्यांनी मी ताजा, तिखट अंड्याचा पराठा चवीने खात होते. दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं, हा बघ कसा चालतोय. दारू प्यायल्यासारखा."

स्क्रीनवर हवालदार हॉलमधून चालत होता. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. मग तो सोफ्याच्या पायाला धडकला आणि ओरडला. तसा तो कधी ओरडत नाही.

"आई, शुगर बघ. मशीनने. आत्ताच्या आत्ता."

"बाबा बघतायत... अगं, आकडाच येत नाहीये. नुसतं 'लो' असं आलंय. म्हणजे काय?"

 म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकी कमी.

"गोड काहीतरी घे. मध, काहीही."

"मध संपलाय. काकवी आहे."

"चालेल. बोटाने हिरड्यांना लाव. तोंडात ओतू नकोस हं, त्याला गिळता येणार नाही, छातीत जाईल. फक्त हिरड्यांना चोळ."

"हो, हो, लावते... अहो, धरा त्याला... अहो!"

मग फोन खाली पडला. मला आमच्या हॉलचं छत दिसत होतं. पंखा, ट्यूबलाइट. आणि फरशीवर नखं आपटल्याचा आवाज येत होता, भराभर, न थांबता. बाबा म्हणत होते, "हवालदार, ए हवालदार, अरे राजा." बाबांनी मला कधी राजा म्हटलेलं मला आठवत नाही. फिट येते म्हणजे काय ते मी वाचलं होतं. ते छताकडे बघत ऐकायला लागेल असं कुठे लिहिलं नव्हतं.

मला शीबा चेचींकडे जाऊन सांगायचं होतं. मी इतक्या हळू बोलले की त्यांनी कान पुढे केला. "क्या हुआ, मोळे? ज़ोर से बोलो."

"मेरी बिल्ली मर रही है," मी म्हणाले. जोरात. सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी हसलंही. त्याला वाटलं असेल मी गंमत करतेय.

शीबा चेचींनी हातातला कप तसाच ठेवला. "यल्ला, गाडीत बस."

शमालहून दोहाचा रस्ता सरळ असतो. दोन्ही बाजूंना काही नाही, नुसतं सपाट. मी दवाखान्याचा इमर्जन्सी नंबर लावला. नर्स म्हणाली, बाजूचं दार उघडून ठेवते, घेऊन या. मग बाबांना फोन. ते गाडीत होते आणि गाडी अडकली होती. आमच्या गल्लीतल्या मशिदीबाहेर नमाजाला आलेल्यांच्या गाड्या दोन-दोन रांगांत लावलेल्या असतात, दर शुक्रवारी. नमाज संपेपर्यंत कोणी बाहेर येणार नाही. मागून आईचा आवाज येत होता, ती मागच्या सीटवर त्याला टॉवेलमध्ये घेऊन बसली होती. "लावतेय मी, लावतेय. परत कडक झालाय गं तो."

मी म्हणाले, "लावत राहा."

शीबा चेचींनी माझ्याकडे बघून एसी थोडा कमी केला.  

"शो मी"

मी पोचले तेव्हा ते दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर होते. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर काकवीचे डाग आणि केशरी केस. आत हवालदारला सलाईन लावलं होतं. फिट थांबली होती. पण साखर वर आणली की परत घसरत होती, कारण आत गेलेलं इन्सुलिन अजून काम करत होतं.

डॉक्टर रीम बाहेर आल्या. किती दिलं होतं, त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"टू," बाबा म्हणाले. "ओन्ली टू. आय नेव्हर मेक मिस्टेक. सेव्हन्टीन इयर्स."

"कशाने दिलंत? शो मी."

बाबा वापरलेली सुई कधी कचऱ्यात टाकत नाहीत. टोपण लावून खिशात ठेवतात आणि मग घरी एका जाड बाटलीत जमवतात. त्यांनी शर्टाच्या खिशातून सिरिंज काढली.

टोपण लाल होतं.

डॉक्टर रीमनी ती उजेडात धरली. तिच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचली. "ही कुठली?"

"इंडिया."

"आणि इन्सुलिन याचं? इथलं?"

"हो. याच्याच बाटलीतलं."

 मग त्यांनी हळू समजावून सांगितलं, आणि मी ते आता तुम्हाला सांगते, कारण यासाठीच हे लिहायला बसले. आपल्याकडे भारतात बाटलीत मिळणारं नेहमीचं इन्सुलिन बहुतेक करून पातळ असतं, एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या रेघा त्या हिशोबाने आखलेल्या असतात. इथे मिळतं ते त्याच्या अडीच पट दाट, शंभराचं. त्याची सिरिंज वेगळी, केशरी टोपणाची. दाट इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलं, तर ते दोन नसतं.

"पाच गेलं त्याला," त्या म्हणाल्या.

"बट टू इज टू," बाबा म्हणाले.

"नॉट ऑन धिस वन, सर."

बाबा वाद घालणारे आहेत. बँकेत, लायसन्सच्या ऑफिसात, सगळीकडे. मी वाट बघत होते. त्यांनी वाद घातला नाही. आईकडे वळून मराठीत, जवळजवळ कुजबुजत म्हणाले, "तिने ठेवलेली सुई वाकली गं. हा एकदम हलला. बाकीच्या तिच्या कपाटात. आता पोरीच्या कपाटाला हात कसा लावायचा? म्हटलं आपली आहेच की."

 मला राग आला होता का, ते कळत नव्हतं. मी दाराच्या काचेतून आत बघत होते. हवालदारच्या पोटावर एक चौकोन भादरला होता आणि तो चौकोन वर-खाली होत होता.

"आजचा दिवस गेला पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "मी काही प्रॉमिस करत नाही."

फ्रिज

संध्याकाळी त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. हॉलमध्ये शुगरचं मशीन, सांडलेली काकवी, उलटी पडलेली चप्पल, सगळं तसंच होतं. बाबा सोफ्यावर टेकले. आईने पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. फ्रिज वाजायला लागला तरी दार बंद करेना.

"अहो," ती म्हणाली. "ही नवी बाटली कसली?"

"माझी. हेल्थ सेंटरमधून आणलीय. भारतातली संपत आली ना."

"कधीपासून घेणार होतात?"

"रविवारपासून."

"कशाने?"

बाबांनी शर्टावरचा काकवीचा डाग नखाने खरवडला.

"त्यांनी सिरिंज दिल्या नाहीत?"

"देत होते. मीच नको म्हटलं. घरी एवढी पाकिटं पडलीयत."

आईने फ्रिजचं दार लावलं आणि तिथेच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. "तुमचं दोन नाही," ती म्हणाली. "तुमचं बावीस आहे."

मी दारात उभी होते. बावीस आणि अडीच, हा गुणाकार तिघांनीही मनात केला असणार. कोणी उत्तर मोठ्याने सांगितलं नाही. रविवार इथे कामाचा. सकाळी आम्ही दोघी काय करत असतो, मी ऑफिसला निघालेली असते, आई खाली भाजीला गेलेली असते, आणि बाबा एकटे नाश्त्याआधी सुई घेतात. मला हॉलचं छत दिसलं, पंखा, ट्यूबलाइट. त्या वेळी मला जी भीती वाटली ती दुपारच्या भीतीसारखी नव्हती. दुपारी काहीतरी होत होतं. आता काहीच होत नव्हतं, बाबा समोर बसले होते, शर्टावर डाग होते, आणि तरी मी त्यांचं पोट हलतंय का ते बघत होते.

आई उठली. लाल टोपणांची सगळी पाकिटं शोधून काढली, शूजच्या कपाटातून, बॅगेच्या कप्प्यातून, देवघराखालच्या खणातूनसुद्धा. भारतातली उरलेली बाटलीही घेतली. "उद्या हेल्थ सेंटरला मी येते बरोबर," ती म्हणाली. बाबांनी मान हलवली.

भिंत

हवालदार वाचला. पण त्याला दिसेना.

दुसऱ्या दिवशी गेलो तर तो पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी हाक मारली तर कान वळले, डोळे नाही. मेंदूला साखर न मिळाल्याने असं होतं, डॉक्टर म्हणाल्या. परत येईल, किंवा येणार नाही. आणि तेवढ्यात बाकीची दुखणी थांबून राहणार नव्हती. बाहेर धूळ होती, श्वासाचा पंप चालूच ठेवावा लागणार होता, पंप होता म्हणजे साखर होती, साखर होती म्हणजे इन्सुलिन परत सुरू करायचं होतं. तेच. थोडं, पण तेच.

मी रोज ऑफिस सुटल्यावर जायची. तिथली फिलिपिनो नर्स मला बघितल्या बघितल्या बातमी द्यायची, "सर हवालदार एट टुडे," किंवा "सर हवालदार इज अँग्री टुडे." सर म्हटल्यावर मला हसू यायचं आणि मग रडू यायचं. ती दोन्हींकडे दुर्लक्ष करायची. तिने त्याच्याखाली आमचाच काकवीचा टॉवेल धुऊन घातला होता, ओळखीचा वास म्हणून. न मागता मिळालेल्या अशा गोष्टींचं काय करायचं ते मला कळत नाही. शीबा चेचीही रोज विचारायच्या, "क्या बोला डॉक्टर?" आणि उत्तर ऐकून नुसतं डोक्यावर हात ठेवायच्या.

बाबा मला गाडीने न्यायचे, पण आत यायचे नाहीत. पार्किंगमध्ये बसून राहायचे. येताना विचारायचे, "खाल्लं?" मी म्हणायची, "खाल्लं." तेवढंच बोलणं. मला म्हणायचं होतं की मलासुद्धा माहीत नव्हतं टोपणाच्या रंगाचं, कोणीच सांगितलं नव्हतं. पण तोंड उघडलं की वाटायचं, ज्या दिवशी त्याचे डोळे परत येणार नाहीत असं कळेल त्या दिवशी मला हे मागे घ्यावंसं वाटलं तर? 

एक दिवस डॉक्टर रीमनी त्याच्या डोळ्यासमोर बोट नेलं आणि त्याने पापणी मिटली. त्यांनी परत केलं. परत मिटली. "सी?" त्या म्हणाल्या. मी धावत पार्किंगमध्ये गेले. काच खाली करायला सांगायचंही सुचलं नाही, बाहेरूनच ओरडले. बाबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

घर

तो घरी आला तो बारीक होऊन. उजेडात बरं दिसतं त्याला, अंधारात अजून सोफ्याला धडकतो. शुगर आहे, दमा आहे, किडनी आहे. पहिली सुई मी भरून खाली ठेवली, आणि दवाखान्यातल्या नर्सला फोनवर धरून मग दिली. पुढचे कितीतरी दिवस दर सुईनंतर मी त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहायची, चालताना पाय सरळ पडतायत का बघत.

बाबा त्याला हात लावत नव्हते. तो मात्र त्यांच्याच पायांवर जाऊन झोपायचा. त्याला काय माहीत.

मग एका संध्याकाळी वारा सुटला. खिडक्यांच्या कडांना ओले फडके लावले तरी हवा पिवळी झाली. हवालदारचं नुकतंच खाऊन झालं होतं आणि तो मान ताणून खोकायला लागला. मी पंप काढला, मास्क धरला, तो झटत होता, मी धरून राहिले. हळूहळू शिट्टी कमी झाली. तो शांत झाला. पण सुईची वेळ झाली होती आणि आता माझे हात ऐकत नव्हते.

"बाबा," मी हाक मारली.

ते दारात आले. "आईला सांग."

"आईला येत नाही."

ते वळून बाथरूमकडे गेले. मग आत आले, हात धुऊन. मी कपाट उघडून केशरी टोपणाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बाटली तळहातांत हळूच फिरवली, सिरिंज भरली आणि टोचायच्या आधी ट्यूबलाइटकडे धरून माझ्यापुढे केली.

"बघ."

मी बघितलं. आत एक बुडबुडा होता, आणि रेघ केसभर वर होती. बाबांना चूक दाखवायची मला सवय नाही. आमच्या घरात कोणालाच नाही.

"जास्त आहे," मी म्हणाले. "परत भरा."

त्यांनी परत भरलं. "आता?"

"आता बरोबर."

त्यांनी टोचलं. हवालदारने मागे वळूनही बघितलं नाही. बाबांनी टोपण लावलं, सिरिंज खिशात ठेवली आणि त्याच्याजवळ फरशीवर बसले. त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या पायांकडे बघत होतो.

आता ते रोज करतात. त्याच्या सुईला, आणि सकाळी स्वतःच्या सुईलाही. मी दात घासत असले तरी माझ्या दाराशी येतात, सिरिंज उजेडात धरतात आणि "बघ" म्हणतात. मी बघते. सगळं बरोबर असतं. तरी कधी कधी लगेच "बरोबर" म्हणवत नाही, मी परत एकदा रेघेवर डोळा लावते, आणि बाबा हात तसाच धरून उभे राहतात.